गाभाऱ्यातलं तान्हं

पुजारीबुवा जिना चढून आले ते अनवाणीच. डोंगर उतरून, बस पकडून, मग भर दुपारच्या डांबरी रस्त्यावरून ते चालत आले होते. आपण चपला घातलेल्याच नाहीत, हे त्यांना वहिनींच्या दारातल्या पायपुसण्यावर पाय ठेवल्यावर कळलं.

खोली एका शिंप्याच्या दुकानावर होती. खालून मशीनची घरघर दिवसभर वर येई. दारावर पाटी होती : 'खासगी तपास. वेळ ठरवून यावे.' वेळ ठरवून कोणी येत नसे. आत टेबलामागे वहिनी बसत आणि खिडकीशी, मांडीवर चित्रांची वही घेऊन, भाऊजी.

वहिनींनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं काढली होती. लोकांचे फोन जोडून देता देता त्यांना बोलण्यातल्या गाळलेल्या जागा ऐकायची सवय लागली. नवरा गेला, नोकरी संपली, सवय तेवढी राहिली. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, अंगानं भरलेले, स्वभावानं गरीब. डोळ्यांना दिसलेलं ते हुबेहूब कागदावर उतरवत, पण त्याचा अर्थ वहिनींनी सांगेपर्यंत त्यांच्या लक्षात येत नसे. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. चित्र काढणाऱ्यानं चित्र काढावं, असं ते म्हणत.

बुवांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं आणि सांगायला सुरुवात केली.

तीन दिवसांपूर्वी पहाटे त्यांनी डोंगरावरच्या आईच्या देवळाचा गाभारा उघडला, तर आईच्या पायांशी एक तान्हं बाळ झोपलेलं होतं. मुलगी. पंधरा-वीस दिवसांची असेल नसेल. रात्रभर दाराला कुलूप होतं. किल्ली एकच, ती बुवांच्या जानव्याला. गाभाऱ्याला खिडकी नाही. झरोका आहे, त्यातून मूठसुद्धा जायची नाही.

"बाळ कसं होतं?" वहिनींनी विचारलं.

"शांत. अंग उबदार. दुपटं कोरडं ठणठणीत. मला बघून तिनं जांभई दिली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हातातली भरलेली कळशी सुटली. पाणी सगळं उंबऱ्यावर. मी तसाच आत गेलो आणि तिला उचललं." बुवांनी आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं. "एवढी हलकी असतात, हे मी विसरलो होतो."

बातमी दुपारपर्यंत डोंगराखाली पोचली होती. त्या दिवसापासून पायऱ्यांवर माणसांची रांग तुटलेली नव्हती. आईनं स्वतःचं बाळ पाठवलं, असं लोक म्हणत होते. देवळाच्या व्यवस्थापकांनी ठरवून टाकलं होतं की उद्या दुपारी बाळाला आईशेजारी चौरंगावर बसवायचं, तिच्यासाठी मंडपालगत वेगळी खोली बांधायची, आणि तिथून पुढे तिच्यावर कोणा माणसाचा हक्क राहणार नाही. पहिली पूजा बुवांनी करायची.

"आईनं खरंच पाठवली असेल, तर माझं भाग्य मोठं," बुवा म्हणाले. "पण कोणी माणसानं आणून ठेवली असेल, तर ते मला उद्या दुपारच्या आत कळलं पाहिजे. मी कोणाची पूजा करतोय, एवढंच सांगा."

वहिनींनी घरच्यांची चौकशी केली. घर देवळाच्या मागेच होतं. घरात बुवा, बायको आणि दोन नाती. मुलगा शहरातल्या छापखान्यात, शनिवारी येतो.

"आणि सून?"

"माहेरी. बाळंतपणाला गेली होती. तिसरी मुलगीच झाली. मुलाला विचारलं, तो म्हणाला, बाबा म्हणतील तसं. मी कळवलं, सध्या तिकडेच राहा." बसची वेळ सांगावी तसं बुवांनी हे सांगून टाकलं. मग त्यांना काहीतरी आठवलं. "ही म्हणत होती, सुनेला बोलावून घ्या, तिला दूध आहे, या बाळाला पाजेल. मी म्हटलं, आईचं बाळ आई बघेल."

"बघते आहे?"

बुवांचा आवाज खाली आला. "तेच तर नवल आहे. वाटीतलं दूध ती तोंडाला लावत नाही. थुंकून टाकते. तीन दिवस झाले. आणि तरी टवटवीत आहे. लोक म्हणतात, आई स्वतः पाजते."

भाऊजींच्या अंगावर काटा आला. वहिनींनी फक्त पुढची बस किती वाजता आहे ते विचारलं.

*

डोंगर अर्धा धुक्यात होता. खालच्या कमानीपाशी ऊन होतं, पन्नास पायऱ्यांवर ते फिकं झालं आणि शंभराव्या पायरीवर जग पांढरं झालं. भाऊजींना वाटलं, आपण एखाद्या अर्ध्या सोडलेल्या जलरंगाच्या चित्रातून चालतो आहोत, रंगवणारा कुठेतरी जेवायला गेलाय. पुढच्या माणसाची पाठ दिसे न दिसे. आवाज मात्र लांबून, नको तितके स्वच्छ येत. दोन वळणं वर कोणी खोकलं, तरी ते कानाशीच खोकल्यासारखं वाटे.

मधल्या वळणावर ते दम खायला थांबले. तिथे डोलीवाला आपली खुर्ची उलटी ठेवून दोऱ्या आवळत बसला होता. पाठीवर खुर्ची बांधून तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर नेई. व्यवस्थापकांनी त्याला आधीच विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर तयार होतं : बाळ घेऊन कोणी वर गेलेलं नाही. बाळ सापडायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं एकच बाई वर नेली होती. शाल पांघरलेली, एकटी.

"काही बोलली का?" वहिनींनी विचारलं.

"वळणावर हळू चला म्हणाली. बाकी वाटभर गुणगुणत होती." त्यानं दोरीची गाठ दातांनी ओढली. "चालता चालता मलाच झोप येत होती, खरं सांगतो."

ती खाली कधी आली, ते त्याला ठाऊक नव्हतं. वर नेणं त्याचं काम, उतरताना लोक आपापल्या पायांनी उतरतात.

फुलवाली आणखी वर, देवळाच्या अलीकडच्या वळणावर राहत होती. तिच्या झोपडीत पाण्यानं भरलेल्या टोपल्या होत्या आणि कापसासारखं धुकं दारातून आत येऊन चुलीपाशी विरत होतं. पहाटे सर्वांत आधी देवळात पोचते ती. म्हणून भाऊजींना तिचाच संशय आला होता. टोपलीत फुलांखाली बाळ सहज मावेल, असा त्यांनी मनात हिशेब केला आणि वहीत टोपली काढूनही ठेवली.

फुलवालीनं त्या पहाटेचं सगळं न विचारता सांगितलं. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. देवळाचं कुलूप उघडलं की त्याचा कडाका तिच्या अंगणापर्यंत येई. तो ऐकला की ती टोपली भरायला घेई. त्याही दिवशी तसंच झालं. कडाका झाला, तिनं फुलं भरली, टोपली डोक्यावर घेतली. दोन-चार पायऱ्या चढली असेल, तेव्हा झऱ्यात कळशी बुडाल्याचा आवाज आला. मग देवळाच्या दारापर्यंत पोचते तोच पुजारीबुवा ओरडले.

"काय ओरडले?"

"आई, असं ओरडले. नुसतं तेवढंच."

वहिनींनी तिला सगळं पुन्हा एकदा, त्याच क्रमानं सांगायला लावलं. भाऊजींना वाटलं, वहिनींना ऐकू कमी यायला लागलंय.

*

देऊळ लहान होतं. काळा दगड, पुढे लाकडी मंडप. मंडपात इतकी माणसं होती, पण धुक्यानं त्यांचा आवाज मऊ करून टाकला होता. पाळण्यात बाळ झोपलं होतं, मुठी कानांशी घेऊन. बायका लांबूनच हात जोडत होत्या. भाऊजींनी चित्र काढायला घेतलं आणि पेन्सिल थांबली. ओठांच्या कडेला दुधाचा एक वाळलेला पांढरा ठिपका होता. त्यांनी तोही काढला.

व्यवस्थापक उंच, किडकिडीत आणि सतत छत्री बाळगणारे गृहस्थ होते. वहिनींचं येणं त्यांना रुचलं नाही, पण बुवांच्या शब्दापुढे त्यांनी मान तुकवली. डोंगराच्या पलीकडून नवा रस्ता झाल्यापासून इकडे कोणी फिरकत नव्हतं, असं ते म्हणाले. कित्येकदा आरतीला बुवा आणि ते दोघेच असत, आणि मंडपात वानरं. परवा रांग पाहून आपल्याला रडू आलं, हेही त्यांनी सांगितलं, आणि सांगितल्यावर ते ओशाळले. किल्लीला त्यांनी कधी हातही लावलेला नव्हता. भाऊजींचा संशय मात्र फुलवालीवरून उठून त्यांच्यावर बसला.

संध्याकाळी बुवांनी गाभारा बंद केला तेव्हा वहिनींनी कुलूप स्वतः उघडून पाहायची परवानगी मागितली. कुलूप नारळाएवढं होतं. एका हातानं ते खालून उचलून धरावं लागे, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवावी लागे. वहिनींनी दोनदा एका हातानं प्रयत्न केला, मग दोन्ही लावले. कडाका झाला आणि मंडपातलं बाळ दचकलं.

मुक्काम बुवांच्या घरीच होता. पुढे ओटी, मध्ये खोली, मागे बंद दाराची आणखी एक. आत देवळाची जुनी भांडीकुंडी आहेत, असं बुवांच्या बायकोनं सांगितलं. बाई बारीक चणीची, हसरी. वातानं तिच्या हातांची बोटं पार वाकडी झाली होती. कपाचा कान तिला धरता येत नव्हता, दोन्ही तळव्यांत कप धरून तिनं पाहुण्यांपुढे चहा ठेवला. सुईत दोरा नातच ओवून देते, असं ती हसतच म्हणाली.

नाती दोन. एक आठ वर्षांची, एक पाच. त्या भाऊजींच्या वहीभोवती घोटाळायला लागल्या. भाऊजींनी दोघींना पाठमोरं बसवून त्यांच्या वेण्या काढल्या, कारण तशा वेण्या त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिल्या नव्हत्या : चार पेडांच्या, घट्ट, शेवटी कापडी बंद आतच गुंफून टाकलेला. एक पेड चुकला तर सगळं चित्र बिघडत होतं. मुली खुसूखुसू हसत होत्या आणि हसताना दर वेळी मागच्या दाराकडे बघत होत्या.

दिवे लागायच्या सुमाराला बुवांची बायको बाळाला अंघोळीला घेऊन आली. दिवसातून चार वेळा ती बाळाला घरी आणते आणि मागच्या खोलीत धुऊनपुसून परत नेते, रात्री तिथेच तिला घेऊन झोपते. तेवढं तिनं व्यवस्थापकांशी भांडून मिळवलं होतं. ती आत गेली, दार लावलं. भाऊजी ओटीवर खांबाला टेकले. धुकं ओटीवर चढलं होतं, पाय दिसत नव्हते. आतून कोणीतरी गुणगुणत होतं, शब्द नसलेलं, एकाच चढावर जाऊन परत येणारं. त्यांचे डोळे जड झाले. अंगणातल्या चुलीवरून बुवांची बायको गरम पाण्याचं भांडं फडक्यात धरून उतरवत होती, ते त्यांना दिसलं, आणि गुणगुणणंही ऐकू येत राहिलं. मग त्यांना झोप लागली. जेवताना त्यांनी वहिनींना हे स्वप्न म्हणून सांगितलं.

वहिनींचा घास हातातच राहिला. "पुन्हा सांगा, भाऊजी. ती अंगणात होती तेव्हा?"

"स्वप्नच ते, वहिनी."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.

पहाटे भाऊजींना कुलपाच्या कडाक्यानं जाग आली. वहिनी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. बऱ्याच वेळानं खाली कुठेतरी कळशी पाण्यात बुडाली. वहिनींनी पांघरूण तोंडावर ओढलं आणि पहिल्यांदाच गाढ झोपल्या.

*

दहा वाजता वहिनींनी सर्वांना बुवांच्या मधल्या खोलीत बोलावलं. बुवा चौरंगासाठीचं कोरं वस्त्र हातात घेऊनच आले. व्यवस्थापक छत्रीसकट भिंतीशी उभे राहिले. बुवांची बायको मागच्या दाराला पाठ लावून बसली. बाळ आत अंघोळीला आहे, असं ती म्हणाली.

"बुवा, तुम्ही मला खोटं काहीच सांगितलं नाही," वहिनींनी सुरुवात केली. "पण एक गोष्ट सांगायची राहून गेली, कारण रोज करता म्हणून ती तुम्हाला करतोयसं वाटतच नाही. तुम्ही म्हणालात, दार उघडलं तर बाळ दिसलं, आणि हातातली कळशी सुटली. काल मी तुमचं कुलूप उघडलं. त्याला दोन हात लागतात. भरलेली कळशी हातात असताना ते उघडणं शक्य नाही."

बुवा आपल्या दोन्ही हातांकडे बघू लागले.

"फुलवालीनं क्रमानं सांगितलं. आधी कुलूप, मग कळशी, मग तुमची हाक. आज पहाटे मी स्वतः तेच ऐकलं. तुम्ही कुलूप काढता, दार ढकलता, आत न बघता झऱ्यावर जाता आणि पाणी घेऊन मग आत जाता."

"पाण्याशिवाय आईसमोर जात नाही मी," बुवा हळूच म्हणाले. "पन्नास वर्षं."

"तेवढा वेळ गाभारा उघडा असतो. बाळ रात्रभर आत नव्हतंच. तान्हं पोर रात्रभर उपाशी राहिलं तर डोंगर डोक्यावर घेईल, आणि दुपटं कोरडं राहणार नाही. ते पोट भरलेलं होतं. म्हणजे घटकाभरापूर्वी ते कोणाच्या तरी पदराखाली होतं. बंद गाभारा हे कोडंच नव्हतं. ते आपण केलं."

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. तेवढा वेळ आहे हे कोणाला ठाऊक असणार, असं त्यांनी विचारलं.

"फुलवालीला ठाऊक होतं. पण लपवायचं असतं तर तिनं कळशीचा आवाज मला सांगितलाच नसता. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही दिवस उजाडल्याशिवाय पायऱ्या चढत नाही. उरलं हे घर." वहिनी थांबल्या. पुढचं बोलताना त्यांचा आवाज मवाळ झाला. "भाऊजी, कालची वेण्यांची चित्रं दाखवा."

भाऊजींनी वही उघडली. बुवा वाकून बघू लागले.

"या वेण्या ज्या हातांनी घातल्या त्या हातांची बोटं सरळ आहेत. या घरात आजी कपाचा कान धरू शकत नाही, आणि थोरली नात स्वतःच्या पाठीवर चार पेड घालू शकत नाही. मग घातल्या कोणी? आणि काल संध्याकाळी आजी अंगणात पाणी उतरवत असताना आत गुणगुणत कोण होतं? भाऊजींना ते स्वप्न वाटलं. पण डोलीवाल्यालाही त्याच गुणगुणण्यानं झोप येत होती. त्यानं शाल पांघरलेली एक बाई वर आणली, ती खाली गेल्याचं कोणी पाहिलं नाही. शालीखाली काय आहे ते त्यानं पाहिलं नाही, कारण बाई त्याच्या पाठीवर होती. वाटीतलं दूध बाळ घेत नाही, कारण तिला भूकच नसते. दिवसातून चार वेळा तिची अंघोळ होते."

मंडपातून लोकांचा गजर मऊ होऊन येत होता.

"तुम्ही विचारलंत, मी कोणाची पूजा करतोय. तुमच्या नातीची, बुवा. तिसरीची."

बुवांनी बायकोकडे पाहिलं. ती नजर चुकवत नव्हती.

"मी ठेवली," ती म्हणाली. "आईच्या पायांशी ठेवली, खोटं काही केलं नाही. मला वाटलं, तुमच्या हातांनी एकदा उचलाल. एकदा हातात आली की संध्याकाळी सांगेन, मग तुम्ही खाली ठेवणार नाही. पण दुपारपर्यंत हे सगळे आले. तुम्ही तिच्या पायांवर डोकं ठेवलंत. मग कसं सांगू? चार दिवस झाले, सून त्या भांड्यांमध्ये बसून आहे. खोकला आला तर तोंडात पदर कोंबते."

व्यवस्थापकांना आता बसावंसं वाटलं आणि ते लाकडी पेटीवर बसले. मग ते घाईघाईनं बोलायला लागले. बाहेर चारशे माणसं आहेत. कोणाचं काही बिघडलेलं नाही. लोक श्रद्धेनं आलेत, आनंदात आहेत. आत्ता सांगितलं तर पुन्हा वानरं आणि आपण दोघे. बाळ इथेच राहील, आजीच्या डोळ्यांसमोर, वेगळ्या खोलीत, मानानं. सूनबाई पाजायला येत जाईल, कोणालाही न कळता.

"ते बुवांनी ठरवायचं," वहिनी म्हणाल्या. "गिऱ्हाईक ते आहेत."

मागचं दार तेव्हा आतूनच उघडलं. बुवांची बायको बाजूला सरकली. सून दारात उभी राहिली, बाळाला खांद्याशी धरून. तिच्या केसांना भांड्यांवरची राख लागली होती. बाळंतपणानंतरचा सुजरा, ओढलेला चेहरा. भाऊजींनी पेन्सिल खाली ठेवली. हे चित्र काढायचं नाही, एवढं त्यांना न सांगता कळलं.

"मामंजी," ती म्हणाली, "मला हे करायचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या म्हणून केलं. देवीची म्हणून तुम्ही तिला उचललंत. माझी म्हणून उचलाल की नाही, ते आत्ता सांगा. नाही म्हणालात तरी चालेल. मी तिघींना घेऊन जाईन. पण चौरंगावर नाही बसवू देणार."

हातातलं कोरं वस्त्र बुवांनी घडी करून पेटीवर ठेवलं, व्यवस्थापकांच्या शेजारी. मग ते बाहेर गेले.

ओटीवरून भाऊजींना मंडपाचा कोपरा दिसत होता. धुक्यात माणसांच्या फक्त आकृत्या होत्या. बुवा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि हात वर केले. गजर थांबला. मग त्यांचा आवाज आला, मोठा नव्हता, पण धुक्यातून तो प्रत्येकापर्यंत पोचला. बाळ माझी नात आहे, असं त्यांनी सांगितलं. तिला आईनं पाठवलं नाही. माझ्या सुनेनं जन्म दिला. मुलगी झाली म्हणून मी तिला घरात घ्यायचं नाकारलं होतं. माझ्या बायकोनं तिला आईच्या पायांशी ठेवलं, कारण माझ्या पायांशी ठेवून उपयोग नव्हता. तुम्हाला लांबून यावं लागलं, मला क्षमा करा.

मग कुजबुज सुरू झाली. कोणी रागानं काहीतरी बोललं, कोणी हसलं. एक माणूस पायऱ्यांकडे वळला आणि त्याच्यामागे बरेच वळले. त्यांची पावलं खाली, आणखी खाली वाजत गेली. काही जण तिथेच बसून राहिले. एक म्हातारी उठून बुवांपाशी आली आणि तिनं त्यांच्या दंडाला नुसता हात लावला. व्यवस्थापक छत्री विसरून ओटीवर आले होते. ते जाणाऱ्यांकडे पाहत होते, आणि त्यांनी एकदाही कोणाला थांबवलं नाही.

बुवा परत आले तेव्हा ओटीच्या पायरीशीच थांबले. स्वतःच्या घराची परवानगी मागावी तसे. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

सुनेनं त्या हातांकडे पाहिलं. बाळ कुरकुरायला लागलं होतं.

"आधी पाजते," ती म्हणाली. "मग."

ती आत गेली. दोघी नाती तिच्या मागे गेल्या, आता कोणापासून काही लपवायचं नव्हतं म्हणून मोठ्यानं बोलत. बुवा पायरीवर बसले. बायको येऊन त्यांच्या शेजारी बसली, मध्ये हातभर जागा ठेवून.

वहिनींनी पिशवी उचलली. दुपारची बस गाठायची होती. भाऊजी चपला शोधत असताना मंडपातून कोणीतरी निरोप घेऊन आलं. राहिलेली माणसं विचारत होती, नैवेद्याची वेळ टळून चालली, गाभाऱ्यात कधी येणार.

बुवांनी दाराकडे पाहिलं. आत गुणगुणणं सुरू झालं होतं.

"त्यांना बसायला सांग," ते म्हणाले. "आई थांबेल आज."

आणि हात तसेच, मांडीवर उघडे ठेवून, ते वाट बघत बसून राहिले.